आईला कुठे पाठवायचं: बागेतल्या योगवर्गाला की तोलाच्या व्यायामवर्गाला?

पुण्यात आमच्या भागात ज्येष्ठांसाठी दोन वर्ग चालतात. एक बागेतला सकाळचा योगवर्ग. दुसरा विरंगुळा केंद्राच्या हॉलमध्ये, तिथे एक तरुण फिजिओथेरपिस्ट मॅडम तोल आणि पायांची ताकद यांचे व्यायाम घेतात. मी दोन्हीकडे गेलो आहे. त्यामुळे ओळखीपाळखीतले लोक हल्ली विचारतात, आईला कुठे पाठवू, बाबांना कुठे पाठवू. खुब्याचं हाड मोडलं की पुढचं वर्ष कसं जातं हे वेगळं सांगायला नको, प्रत्येकाच्या नात्यात एखादं उदाहरण असतंच. म्हणून थेट तुलनेवर येतो. अनुभव माझा आहे, तुमच्याकडे थोडं वेगळं असू शकेल.

काही बाबतींत बागेचं पारडं उघडच जड आहे. वर्ग रोज भरतो, वर्गणी नावापुरती, घरून चालत जाता येतं. दोन दिवस दिसलो नाही तर संध्याकाळी कुणाचा तरी फोन येतो, आणि आमच्या वयात तो फोन फार मोलाचा असतो. खांदे, पाठ मोकळी होते, झोप चांगली लागते. जमिनीवर बसणं-उठणं रोज होतं, ही सवय एकदा सुटली की परत लागणं कठीण. माझी धरलेली कंबर त्याच सतरंजीवर सुटली, याबद्दल मी त्या वर्गाचा ऋणी आहे.

मला खटकली ती एकच गोष्ट, पण शेवटी तीच निर्णायक ठरली. ‘जमेल तेवढंच करा, ताण घेऊ नका,’ असं आमचे योगशिक्षक प्रत्येक आसनाआधी सांगायचे. हेतू चांगलाच. समोर पन्नास-साठ माणसं, कुणाला बीपी, कुणाचा गुडघा बदललेला. एखाद्याला चक्कर आली तर जबाबदारी त्यांच्यावर. पण यामुळे झालं असं, की पहिल्या आठवड्यात जेवढं जमत होतं तेवढंच आम्ही वर्षभरानंतरही करत होतो. तासातला बराच वेळ बसून किंवा पडून जायचा. उभं राहून तोलायचं म्हणजे वृक्षासन, आणि तेही अगदी शेवटी, एकेका पायावर एकदा. आम्ही काही जण कडेच्या बाकाला धरून उभे राहायचो. पुढच्या महिन्यातही धरून, त्याच्या पुढच्या महिन्यातही धरून. ‘आता हात काढून बघा, मी आहे शेजारी,’ असं म्हणणारं कुणी नव्हतं. आणि एवढ्या गर्दीत मागच्या रांगेतल्या माणसाचा पाय डगमगतोय की स्थिर आहे, हे चौथऱ्यावरून दिसणार तरी कसं?

लवचीकपणा वेगळा आणि तोल वेगळा, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला लागलं. मी खाली वाकून पायाचे अंगठे धरू शकत होतो, पण पायजमा घालताना मात्र भिंतीला टेकावं लागत होतं. तोल जातो की काय असं थोडंसं वाटू दिलं, तरच शरीर सावरायला शिकतं. आधार कायमचा राहिला तर पायांना काम उरत नाही.

हॉलमधल्या वर्गात मॅडमनी आधी मोजमाप घेतलं. हात छातीवर घडी घालून, 30 सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं? सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला 12 पेक्षा आणि बाईला 10 पेक्षा कमी वेळा जमलं, तर पडण्याचा धोका जास्त समजतात. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला चिकटवून सरळ रेषेत उभं राहायचं. दहा सेकंद टिकलं नाही तर तीही धोक्याची खूण. आईची ही चाचणी घरी घ्यायची असेल तर स्वयंपाकाच्या ओट्याजवळ घ्या आणि स्वतः शेजारी उभे राहा.

त्यानंतर जे सुरू झालं ते मला बागेत मिळत नव्हतं. आधी खुर्चीच्या पाठीवर दोन्ही तळवे. मग एक तळवा. मग नुसती बोटं, मग एकच बोट. ‘काका, बोट टेकवा, दाबू नका,’ असं म्हणत मॅडम बाजूला उभ्या, त्यांचा हात माझ्या कमरेपासून वीतभर अंतरावर. मग बोटही नाही. ते जमलं की फोमच्या मऊ गादीवर उभं राहायचं, तेही जमलं की मान डावी-उजवीकडे वळवत. घोट्याला वजनाची पट्टी बांधून पाय उचलायचे. रेषेवरून चालताना भाज्यांची नावं सांगायची, आणि नाव आठवेना झालं की पायही थबकतात, हे तिथे प्रत्येकाला स्वतःच्या बाबतीत दिसलं. रस्त्यावर असंच होत असतं. मागून हाक येते, आपण वळून बोलायला लागतो आणि नेमका त्याच वेळी फरशीचा उंचवटा पायाखाली येतो. पडल्यावर उठायचं कसं, हेही शिकवलं. आधी कुशीवर वळायचं, मग हात-गुडघ्यांवर यायचं, मग खुर्ची गाठायची.

यातले बरेच व्यायाम न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात बेतलेल्या कार्यक्रमातले आहेत. तो मुळात घरी करायचा, आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास, शिवाय चालणं. संशोधकांनी ज्येष्ठांवर घेतलेल्या चाचण्यांमध्ये त्याने पडण्याचं प्रमाण सुमारे 35 टक्क्यांनी घटलं होतं. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2019च्या आढाव्यात तर अशा 108 चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या. त्यात व्यायामाने पडणं सरासरी 23 टक्क्यांनी कमी झालं, आणि भरवशाचा पुरावा तोलाच्या आणि उठण्या-बसण्यासारख्या रोजच्या हालचालींच्या व्यायामांचा निघाला. नुसतं चालून तसं होतं असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा मिळाला नाही. ‘मी रोज टेकडीपर्यंत जाते, मला काय गरज’ असं म्हणणाऱ्या आयांना हे जरूर सांगा. माझ्यापुरतं मोजमाप म्हणाल तर पायजमा आता मी खोलीच्या मधोमध उभा राहून घालतो, आणि बसची पायरी चढताना दांड्याकडे हात आधी जात नाही.

हॉलच्या वर्गाला अडचणी आहेत. फी चार आकडी. आठवड्यातून दोनच दिवस, तेही अकरा वाजता, म्हणजे उन्हाळ्यात घरी परतताना ऊन डोक्यावर. जेमतेम दहा जणांची बॅच, त्यामुळे जागेसाठी थांबावं लागतं. तास संपला की जो तो घरी जातो, बागेतल्यासारखा चहा होत नाही. आणि फिजिओथेरपिस्ट घेतात म्हणून सगळेच वर्ग असे असतील असंही नाही. काही ठिकाणी तासभर खुर्चीत बसून हातपाय हलवतात, त्याने तोल फारसा सुधारत नाही. उलट पुण्यात अय्यंगार पद्धतीने शिकवणारे शिक्षक भिंत, खुर्ची, दोर वापरून उभी आसनं बारकाईने करून घेतात. तसा शिक्षक जवळपास असेल तर योगाबद्दलची माझी तक्रार बरीचशी गळून पडते.

साठीच्या आसपास असाल, कधी पडला नसाल आणि अंग आखडलेलं असेल, तर बागेत जायला काहीच हरकत नाही. सत्तरी ओलांडली असेल, बाथरूममध्ये आपोआप कडीला हात जात असेल, किंवा गेल्या वर्षभरात एकदा जरी पडणं झालं असेल, तर मी हॉल सुचवेन. त्याआधी डॉक्टरांकडे झोपून आणि उभं राहून असं दोन्ही वेळा बीपी बघून घ्या, झोपेच्या गोळ्या आणि मोतीबिंदू यांचंही विचारा. पैशांचा प्रश्न असेल तर दोन-तीन महिने हॉलमध्ये शिकून तेच व्यायाम घरी ओट्याजवळ उभं राहून चालू ठेवता येतात. उरलेल्या दिवशी बाग आहेच, मी स्वतः तसंच करतो. सगळं धरून आठवड्याचे तीन तास तोलाच्या व्यायामाला मिळाले तर उत्तम.

नाव घालण्याआधी मात्र एक तास नुसतं बसून वर्ग बघा. किती वेळ उभं राहून करतात आणि कुणाचा आधार कमी करून घेतात का, एवढंच पाहायचं. मग शिक्षकांना विचारा, तीन महिन्यांनी आईकडून याहून अवघड काय करून घ्याल? तपशीलवार उत्तर मिळालं तर वर्गाचं नाव काहीही असो, तिथे पाठवा. दोन्हीकडे सारखंच समाधान झालं, तर मी तरी हॉलची फी भरेन.