बी माय आइज : उसनी नजर, विनामूल्य

डेन्मार्कमधील हान्स यॉर्गन वीबर्ग या स्वतः दृष्टिदोष असलेल्या कारागिराच्या कल्पनेतून 2015 साली सुरू झालेले 'बी माय आइज' हे अॅप अंध व्यक्तीला व्हिडिओ कॉलद्वारे डोळस स्वयंसेवकाशी जोडते, आणि त्यासाठी दोघांकडूनही एक पैसा घेत नाही. मी स्वयंसेवक म्हणून नोंदणी केली, तेव्हा पहिला कॉल मिळण्यास बरेच दिवस लागले. कारण मदत मागणाऱ्यांपेक्षा मदतीस तयार असलेल्यांची संख्या कितीतरी मोठी आहे (तक्रार करावी अशी ही बाब नव्हे). समोर औषधाची चकचकीत पट्टी होती. "जरा तिरकी धरा, अजून थोडी," असे दोनतीनदा सांगितल्यावर चकाकी हटली, मुदतीची तारीख वाचून दाखवली आणि मिनिटभरात काम झाले.

2023 पासून यात छायाचित्राचे वर्णन करणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आहे. अनोळखी माणसाला घरातला पसारा दाखवण्याचा संकोच तिच्यामुळे टळतो. मात्र औषधाच्या बाबतीत मी माणसाच्याच डोळ्यांवर विसंबेन. इंटरनेटशिवाय कॉल लागत नाही, आणि रस्ता ओलांडताना पांढऱ्या काठीची जागा हे अॅप घेऊ शकत नाही.