आईचा तळहात की पाठीतली नळी?

माझी दोन बाळंतपणं झाली. पहिलं सांगलीला माहेरी, औषधाशिवाय. दुसरं पुण्यात, एपिड्यूरल घेऊन, म्हणजे पाठीत बारीक नळी घालून तिच्यातून कळा बधिर करणारं औषध घेऊन. दोन्ही नॉर्मल. ओळखीतली कुणी आठव्या महिन्यात पोचली की काय करू म्हणून विचारते, तेव्हा एकदा सविस्तर लिहिते.

पहिल्या वेळी कळा कमरेतून आल्या. रात्रभर घरी फेऱ्या मारल्या, मोरीत स्टुलावर बसून कमरेवर गरम पाणी घेतलं, भिंतीला हात टेकून ओणवी राहिले. पण खरा गुण आला तो आईच्या तळहाताचा. कळ चढू लागली की ती माकडहाडाच्या वर तळहात रोवून अंगाचा भार टाकायची आणि कळ ओसरेपर्यंत हलायची नाही. कळ जात नसे, पण सोसवे.

मग दवाखान्यात तपासून सिस्टर म्हणाल्या, पिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडलंय, चला आत. आई दाराबाहेरच राहिली; लेबर रूममध्ये नातेवाइकांना परवानगी नव्हती. मला कॉटवर उताणं झोपवलं. कमरेच्या कळांत उताणं पडणं फार वाईट, आणि आपला स्वतःचा हात तिथे नीट पोचत नाही. सिस्टरना दाबा म्हटलं, पण त्या एकट्या आणि बायका तिघी. कळा सर्वांत जोरात असताना माझा एकमेव उपाय दाराबाहेर उभा होता. त्या दुखण्यापेक्षा त्या बंद दाराचा राग मला अजून येतो. पुढच्या वेळचा निर्णय तिथेच झाला.

एपिड्यूरलमध्ये सगळं गोड नाही. कळ चालू असताना पाठ वाकवून अजिबात न हलता बसायचं, हे अवघड जातं. सुई निघते, बारीक नळी राहते. वीसेक मिनिटांत कळ नुसती पोट कडक होण्यापुरती उरली. अंग थरथरलं, खाज सुटली, लघवीसाठी नळी घालावी लागली, पाय जड झाल्यामुळे चालणं बंद. जोर कधी लावायचा तेही सिस्टर सांगत होत्या, आणि त्या टप्प्याला वेळ थोडा जास्त लागतो. पण मी मधे दीड तास गाढ झोपले. बाळ आलं तेव्हा माझ्या अंगात त्राण होतं. पहिल्या वेळी लेकीला धरायलाही हात उचलत नव्हते.

‘कंबर कायमची धरते’ हे सगळ्याच जणी ऐकवतात. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही, सिझेरियन वाढतं असंही नाही. माझी कंबर तर इंजेक्शन न घेतलेल्या बाळंतपणानंतरच जास्त दुखली. शंभरात साधारण एकीला नंतर उठून बसलं की तीव्र डोकेदुखी होते, तेवढी कल्पना असू द्या. प्लेटलेट्स फार कमी असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधीच विचारा.

ही नळी भूलतज्ज्ञ घालतात. लहान दवाखान्यांत ते बाहेरून येतात, आणि ऐन वेळी ते दुसरीकडे ऑपरेशनमध्ये अडकलेले असू शकतात. सोबतीचंही तसंच. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीवेळी सोबतीण आत घ्यायला केंद्राने 2016 मध्येच मान्यता दिली, जागतिक आरोग्य संघटनाही 2018 च्या शिफारशींत तेच सांगते; तरी प्रत्येक दाराचा नियम वेगळा.

म्हणून सरसकट सांगणं बरं नव्हे. शेवटपर्यंत तुमचं माणूस आत राहणार असेल, फिरू देणार असतील, तर औषधाशिवायची वाट मी कमी लेखणार नाही. तशी हमी नसेल तर माझं मन नळीकडे झुकतं.

धाकट्या बहिणीचे दिवस पुढच्या महिन्यात भरतायत. परवा तिच्याबरोबर जाऊन दोनच प्रश्न विचारले: रात्री दोनला भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, आणि आई आत चालेल का? पहिल्याचं उत्तर अर्धा तास. दुसऱ्याचं, ‘बघू’. आम्ही भूलतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवलंय. घरच्या कळांसाठी आई आहेच.