मापो तोफू की कुंग पाओ चिकन?

भाची कामासाठी चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगडूला निघाली आहे. तिखट फारसं झेपत नाही, पण सिचुआनला जाऊन तिथलं खायचं तर आहेच. तिथल्या या दोन पदार्थांपैकी पहिल्यांदा काय मागवू, असं तिने विचारलं.

आधी तिखटपणा बघू. कुंग पाओत सुक्या मिरच्या तेलात परतलेल्या असतात. त्या खायच्या नसतात, चॉपस्टिकने बाजूला सारायच्या. उरतात चिकनचे छोटे तुकडे, शेंगदाणे आणि आंबटगोड रस. मापो तोफूत ही सोय नाही. बाकल्याचे दाणे आणि मिरची आंबवून केलेल्या पेस्टचं लालभडक तेल प्रत्येक फोडीला चिकटलेलं असतं. शिवाय तोफू आतून चांगलाच गरम असतो, फुंकर घालूनच खावा.

जिभेला झिणझिण्या आणणारी सिचुआन मिरी दोन्हीत असते, पण मापोवर ती भरडून वरून भुरभुरतात, त्यामुळे जास्त जाणवते. ही आपल्या तिरफळाच्याच कुळातली. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आवडत असेल, तर ती चव परकी वाटणार नाही.

किमतीत मापो सहसा स्वस्त. मात्र त्यात बीफ किंवा पोर्कचा खिमा असतो, चालत नसेल तर आधीच सांगावं.

तोंड पोळलं तर पाण्याने भागत नाही, साधा भात खावा.

शेंगदाण्याची अॅलर्जी नसेल, तर घाबरत खाणाऱ्याने कुंग पाओच मागवावं. सोबत चार जण आणि भाताचा वाडगा असेल, तर मापोही मधे ठेवून दोन चमचे जरूर चाखावा. खरं सिचुआन त्यातच जास्त कळतं.