उन्हाळ्यात व्यायाम: सकाळची टेकडी, संध्याकाळचं ग्राउंड की जिम? आणि बाटलीत काय भरायचं?

एप्रिल-मेमधे चालणं-पळणं चालू ठेवायचं असेल तर आधी वेळ ठरवा, बाटलीत काय भरायचं ते नंतर बघू. बरेच जण उलटं करतात, संध्याकाळी पाचला तापलेल्या रस्त्यावर पळायला निघतात आणि मग विचारतात नारळपाणी बरं की इलेक्ट्रॉल.

पुण्यात पारा ३८-४० ला टेकला की सगळ्यात जास्त ऊन भाजतं दुपारी तीनच्या आसपास, आणि सगळ्यात गार वेळ असते सूर्य उगवायच्या जरा आधी. मेमधे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे साडेपाच-पावणेसहाला वेताळ टेकडी चढायला लागलात तर सव्वासातपर्यंत आरामात खाली. आठनंतर तिथे मजा नाही, कारण सावलीच नाही, ते गिरिपुष्पाचं जंगल उन्हाळ्यापर्यंत पानं गाळून खराटा झालेलं असतं. आणि पाणी घरूनच न्यायचं. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांचंही तेच, दगड तापायच्या आत उरकायचं.

संध्याकाळवाल्यांचा मुद्दा असतो की पश्चिमेचा वारा सुटतो. सुटतो, खरंय, पण डांबर आणि भिंती दिवसभर खाल्लेली उष्णता तेव्हाच परत टाकत असतात, त्यामुळे सहाला रस्त्यावर पळणं आणि सव्वासातला मातीच्या ग्राउंडवर पळणं यात खूप फरक आहे. सकाळी उठणं जमतच नसेल तर सव्वासातचं ग्राउंड घ्या, फक्त फार उशिरा जोरात व्यायाम केला की काहींना झोप लागत नाही. आणि मेमधे वळवाचे ढग गडगडायला लागले तर टेकडीवर थांबायचं नाही, विजा उघड्या माथ्यावरच्या माणसाला सोडत नाहीत.

जिम एसी असेल तर प्रश्नच मिटला. पण पत्र्याखालची, दोन पंख्यांवर चाललेली जिम असेल तर ती बाहेरच्यापेक्षा वाईट, तिथे दुपारची बॅच नको म्हणजे नकोच. पोहणं छान, फक्त पाण्यात घाम आलेला कळत नाही, म्हणून बाहेर आल्यावर पाणी प्यायचं विसरू नका.

आता बाटली. तासाभराच्या आतला व्यायाम असेल तर साधं पाणी पुरतं, माठातलं असलं तर उत्तम, बाकी काही विकत घ्यायची गरज नाही. तासापेक्षा जास्त आणि कपडे भिजतील इतका घाम असेल तर मीठ-साखरेचं लिंबू सरबत घ्या, कारण घामातून पाण्याबरोबर मुख्यतः सोडियम जातं आणि ते मिठात आहे. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, त्यामुळे चवीला कितीही आवडत असलं तरी त्याच पैशात चार लिंबं आणा, माझं तरी हेच मत. ताक मीठ घालून मस्त, पण व्यायामानंतर, पळता पळता ताक पोटात डचमळतं. उसाचा रस म्हणजे बरीचशी साखर, आनंदासाठी प्या.

ओआरएस, म्हणजे इलेक्ट्रॉलसारखी पाण्यात घालायची क्षार-साखरेची पावडर, मुळात जुलाब-उलट्यांसाठी आहे. खूप घाम जाऊन गळून गेलात तर चालेल, पण एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्ध्या लिटरमधे घालून कडक करायचं नाही. दुकानातल्या गोड टेट्रापॅकवर जाऊ नका, २०२५ मधे एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी केली ती उगाच नाही.

किती प्यायचं? आपली हवा कोरडी असते, घाम लगेच उडून जातो आणि वाटतं आलाच नाही. म्हणून एखाद दिवशी व्यायामाआधी आणि नंतर वजन करून बघा, एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर गेलं. लघवी गडद पिवळी होत असेल तर कमी पडतंय. पण तहान नसताना लिटरवर लिटर ढोसणंही बरं नाही, रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जास्त धोक्याचं. बीपीच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील, किडनीचा त्रास असेल तर मीठ-पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं सुरू झालं की तिथेच थांबा, सावलीत बसा. कोणी असंबद्ध बोलायला लागलं किंवा बेशुद्ध पडलं तर १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

राहिले आठवडाभर एसीत बसून रविवारी सिंहगड चढणारे. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, रोज थोडं थोडं करूनच, त्यामुळे त्यांनी आधी रोज सकाळी अर्धा तास चालावं, आणि गडावर जायचंच तर पायथ्याच्या आतकरवाडीतून उजाडताच चढायला लागावं, पिठलं-भाकरी खाऊन बारा वाजता पायी उतरण्यापेक्षा सरळ जीपने खाली यावं.