अर्धवट बांधलेल्या विमानाचा सौदा आणि माझे चार लाख

लिहायला लाज वाटत हुती, पण दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये म्हणून लिहितोय. बेळगावात उद्यमबागला माझं छोटं मशीन शॉप आहे. चार वर्षं डोक्यात एकच, छोट्या जागेतनं उडणारं दोन सीटचं विमान स्वतः बांधायचं. झेनिथ सीएच ७०१ ठरवलं, क्रिस हाइन्ट्झचं १९८६ चं डिझाइन. पत्रा आणि रिव्हेटचं काम, पंखाच्या पुढच्या कडेला पक्के बसवलेले स्लॅट, म्हणजे फट ठेवून लावलेल्या लांब पट्ट्या, त्यामुळं कमी स्पीडला पण पंख विमानाला धरून ठेवतो. आमच्या सांबरा विमानतळाची उंची साडेसातशे मीटर, एप्रिलच्या उन्हात हवा पातळ, म्हणून इंजिन रोटॅक्स ९१२ मधलं ८० नको, १०० हॉर्सपॉवरचंच पायजे हे पण ठरलं.

तेवढ्यात हेच विमान अर्धवट बांधून ठेवलेला एक माणूस भेटला, "अण्णा, पंख तयार आहेत, परदेशातला ६०६१-टी६ पत्रा आहे, मला वेळ नाही म्हणून काढतोय." ६०६१-टी६ म्हणजे विमानाला लागणारं मजबूत ॲल्युमिनियम. पत्र्याचा एक तुकडा हातात दिला, त्यावर ग्रेड छापलेला, खरा. मी त्या तुकड्यावरच भुललो आणि चार लाख ॲडव्हान्स दिला, पंख शेडात आणले.

स्लॅटच्या ब्रॅकेटचं भोक मोठं करायला ड्रिल लावलं आणि पोटात गोळा आला. चुरा कुरकुरीत पडायच्या ऐवजी मऊ चिकट सुरळ्या निघाल्या, बिट भरून गेलं. तीस वर्षं धातू कापतोय, एवढं कळतं. एक तुकडा कापून ओळखीच्या लॅबमध्ये ओढून बघितला तर १२० मेगापास्कल ताणाला तुटला, ६०६१-टी६ ला ३०० च्या आसपास लागतात. आपला साधा बाजारातला पत्रा, वरनं रंग मारलेला! मग स्ट्रटचे, म्हणजे पंखाला खालनं धरणाऱ्या तिरक्या दांड्याचे बोल्ट बघितले, डोक्यावर एएन बोल्टची, म्हणजे विमानासाठीच्या बोल्टची फुलीसारखी खूण पायजे, इथं ८.८ लिहिलेलं, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातले. ज्या बोल्टावर आख्खा पंख लटकतो तो बोल्ट!! माझ्या शेजारच्या सीटवर माझा पोरगा बसणार हुता ओ.

फोन केला तर आधी "बघतो" म्हणाला, मग उचलेनाच. लिहून काहीच घेतलं नव्हतं, पोलिसात तक्रार दिलीय.

कुणी असं अर्धवट काम विकत घेणार असेल तर रंग आणि कागद बघू नका, लावलेल्याच पत्र्याचा तुकडा कापून मागा, आणि दोनचार बोल्ट स्वतः काढून बघा. मी स्ट्रटचा बोल्ट काढतो म्हणालो हुतो, तर तो म्हणाला अलाइनमेंट जाईल, आणि मी पाना परत पेटीत ठेवला.