घरगुती व्हिडिओसाठी पहिला मिररलेस कॅमेरा: सोनी झेडव्ही-ई१० की कॅनन आर५०?

पुतणीच्या बारशाआधी भावाने विचारले की या दोन मिररलेस (आत आरसा नसलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्यांपैकी कोणता घ्यावा. दोन्हींत एपीएस-सी या मध्यम आकाराचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग), २४ मेगापिक्सेल आणि बाहेरचा माइक जोडण्याची सोय आहे; त्यामुळे खोक्यावरची वाक्ये बाजूला ठेवून हाताळणीकडेच पाहावे.

रांगणारे मूल घराच्या छोट्या खोलीत टिपताना चौकट जितकी रुंद मिळेल तितकी हवी असते. सोनी फोर-के या अधिक बारकाव्याच्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम घेताना चित्राच्या कडा साधारण १.२३ पट छाटतो, कॅनन मात्र पूर्ण रुंदी वापरतो. आजी-आजोबा आणि पाळणा एकाच चौकटीत बसवताना हा फरक लगेच जाणवतो. गच्चीवरच्या उन्हात पडदा दिसेनासा होतो, तेव्हा कॅननच्या व्ह्यूफाइंडरला, म्हणजे चित्र पाहण्याच्या छोट्या खिडकीला, डोळा लावता येतो. सोनीला तो नाहीच.

आवाजात मात्र सोनी सरस वाटतो, कारण त्याच्या अंगच्या माइकवर वाऱ्यासाठी केसाळ टोपी बसते आणि हेडफोन लावून आवाज तपासता येतो. लेन्सची निवडही त्याच्याकडे अधिक आहे.

हात हलला तरी सेन्सर सरकवून चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा दोघांतही नाही. चालत चित्रण करायची सवय असेल, तर ती आधी सोडावी.

भावाला, म्हणजे घरातल्या घरात आणि फारशी जुळवाजुळव न करता चित्रण करणाऱ्याला, मी आर५० सुचवला. भाषणे, गाणी टिपणाऱ्याने आणि पुढे लेन्स जमवू पाहणाऱ्याने झेडव्ही-ई१० घ्यावा.