रीडेव्हलपमेंटचा रिव्ह्यू: बांधकामाला चार स्टार, शेजाराला दीड

नव्या बिल्डिंगमध्ये येऊन वर्ष होत आलं, आता लिहायला हरकत नाही. बिल्डरचं नाव घेत नाही, कारण माझं भांडण त्याच्याशी नाहीये (थोडंसं आहे, लिकेजचं).

बांधकाम चांगलंय. जागा वाढली, उजेड येतो, लिफ्ट चालते, पाण्याला प्रेशर आहे. चार स्टार.

आता खरी गंमत. जुन्या दोन विंग होत्या. फ्लॅट वाटपाच्या वेळी आमच्या विंगने चिठ्ठ्या टाकल्या, सगळ्यांना समान न्याय म्हणून टाळ्या पण आम्हीच वाजवल्या. मागच्या विंगवाले मात्र अडून बसले की जुन्या मजल्यावरची घरं एकत्रच द्या, चिठ्ठी काढायची तर मजल्याची काढा, माणसांची नको. तेव्हा आम्ही हसलो होतो. आज बिल्डर तोच, टाइल्स त्याच, लिकेज तर त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त, तरी तिकडे कोणालाही विचारा, 'मस्त आहे' म्हणतात आणि आमच्याकडे विचारलंत तर अर्धा तास सुटका नाही. कारण तिकडे एकाचं छत गळलं की चौघं मिळून बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बसतात, आमच्याकडे वरच्याचं नावच माहीत नाही, मग डायरेक्ट नोटीस.

आईची मैत्रीण आधी समोरच्याच दारात राहायची. आता अकराव्या मजल्यावर. लिफ्टने मिनिटभर लागतं, पण आता फोन करून, केस विंचरून जायचं, म्हणजे जाणं होतच नाही. आई अजूनही 'आपल्या घरी' म्हणाली की आम्ही जुनं घर समजून घेतो.

हे आमचंच रडगाणं नाहीये. अमेरिकेत बॉस्टनचा वेस्ट एंड १९५८ पासून पाडायला घेतला, तिथून उठवलेल्या लोकांशी नंतर बोलून मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये लिहिलं की जवळपास निम्म्या बायका कित्येक महिने, काही तर दोन वर्षांनीही, माणूस गेल्यासारख्या दुःखात होत्या. ज्यांचा शेजार जास्त घट्ट, त्यांना त्रास जास्त. लंडनच्या बेथनल ग्रीनमधून १९५० च्या दशकात बाहेरच्या नव्या वसाहतीत गेलेल्यांचंही तेच, घर आधीपेक्षा चांगलं पण आई आणि बहिणी मागे राहिलेल्या.

पण सगळं गोड पण नव्हतं हां. आमच्या जुन्या मजल्यावरच्या एक काकू आता सगळ्यात खूश आहेत. कोण आलं, किती वाजता आलं, का आलं, हे विचारणारं कोणी उरलं नाही, सुटले म्हणाल्या. त्यांचंही चूक नाही.

मला स्वतःला मात्र जिना आठवतो. तिथे नुसती मान हलवायची ओळख असलेले वीस-पंचवीस जण होते, नावं धड माहीत नव्हती, पण मी चार दिवस दिसलो नाही तर विचारायचे. लिफ्टमध्ये सगळे मोबाईलमध्ये. बिल्डरने फीडबॅक फॉर्म दिला त्यात नळाला, रंगाला, पार्किंगला मार्क द्यायचे होते, शेजारी कोण आलं याला रकानाच नाही.

तुमचं अजून व्हायचं असेल तर कार्पेट एरियावर भांडायच्या आधी वाटप कसं होणार ते लेखी घ्या. आम्ही आता आईसाठी फ्लॅट अदलाबदलीचा अर्ज केलाय, अकराव्या मजल्यावरचे एकजण तयार आहेत, फक्त त्यांना आधी आमचं बाथरूमचं छत बघायचंय.